डिस्क दिसेनाशी झाली तर

घरच्या लॅपटॉपवर विंडोज पुन्हा बसवावयास घ्यावे आणि पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच दिसावी, म्हणजे भलेभले गांगरून जातात. मुलांची छायाचित्रे, दस्तऐवज, हिशेब सारेच गेले असे वाटू लागते. वस्तुतः पुष्कळदा डिस्क शाबूत असते; विंडोजला तिच्यापर्यंतची वाट तेवढी ठाऊक नसते.

इंटेलच्या २०२० साली आलेल्या ११ व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी ही योजना असते. एसएसडीचा कारभार तिच्यामार्फत चालतो. तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हवर नसेल, तर डिस्क दिसत नाही.

म्हणून प्रथम बायोसमध्ये डिस्कचे नाव आहे का, ते पाहावे. तेथेही नसेल, तर दोष जोडणीत वा डिस्कमध्येच असण्याचा संभव अधिक. अशा वेळी जाणकारास दाखवावे. नाव दिसत असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावा, त्याच्या फायली सुट्या करून पेन ड्राइव्हवर ठेवाव्यात आणि 'लोड ड्रायव्हर' या सोयीने त्या निवडाव्यात. व्हीएमडी बंद करणे हाही एक उपाय होय. मात्र त्यानंतर जुने विंडोज बहुधा सुरू होत नाही.

डिस्क दिसू लागली, की आनंदाच्या भरात पुढचे बटण दाबू नये. खरा धोका आता सुरू होतो. कारण 'फॉरमॅट' केल्यावर जुना मजकूर परत मिळेलच असे नाही. त्याची प्रत अन्यत्र आहे ना, एवढे आधी पाहावे, आणि मगच पुढे जावे.