हेलसिंकीहून टोकियोस : अंतर आणि काळ

दोन शहरांमधलें अंतर एकदां मोजलें कीं तें कायमचें ठरलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. आकाशांतील प्रवासाचा हिशेब मात्र निराळा आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे.

शाळेंतील भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर ही वाट कझाकस्तान व मंगोलिया यांवरून जात असावी असें वाटेल. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी वाटोळी! पृथ्वीचा गोल घेऊन या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि सैबेरियाच्या मध्यावरून जातो. ही सर्वांत जवळची वाट सुमारें ७८०० किलोमीटर भरते. या वाटेनें आधुनिक विमानास साडेनऊ तासांच्या आसपास लागत. युरोपांतून जपानकडे जाणाऱ्या उतारूंस हेलसिंकी हें बरोबर वाटेवरचें नाकें. तेथील फिनएअर कंपनीनें आपला मोठा व्यवसाय याच भूगोलावर उभारला होता.

परंतु आकाशासहि धनी असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियानें सैबेरियावरील आकाश बहुतेक परकीय विमानांस बंद ठेवलें. म्हणून १९५७ सालीं स्कँडिनेव्हियन विमान कंपनीनें कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या वाटेनें, अलास्कांतील अँकरेज येथें थांबून, टोकियो गाठण्यास आरंभ केला. ध्रुवाजवळ होकायंत्र भरंवशाचें राहत नाहीं, आणि प्रत्यक्ष ध्रुवावर उभें राहिल्यास चोहोंकडे दक्षिणच! त्यामुळें दिशा ओळखण्यासाठीं निराळीं साधनें व निराळे नकाशे वापरावे लागले. १९८३ सालीं फिनएअरनें हाच वळसा न थांबतां घेतला. त्यास सुमारें १३ तास लागत. त्याच वर्षीं कोरियाचें एक विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलें आणि तें पाडलें गेल्यानें २६९ माणसें प्राणांस मुकलीं. वळसा कां घेत असत, याचें उत्तर यांत आहे.

पुढें सैबेरियाचें आकाश खुलें झालें आणि अंतर पुन्हां ७८०० किलोमीटरांवर आलें. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर स्वारी झाली. युरोपानें रशियन विमानांस व रशियानें युरोपीय विमानांस आपापलें आकाश बंद केलें. मार्चमध्यें टोकियोची सेवा पुन्हां सुरू झाली ती त्याच जुन्या ध्रुवमार्गानें, आणि वेळहि पुन्हां सुमारें १३ तास! विमान कितीहि सुधारलें असो, दहा हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट त्यास तोडावी लागतेच. जादा इंधनाचा भार शेवटीं तिकिटावर पडतो.

दुसरी वाट दक्षिणेची, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान व चीन यांवरून. तेथें वाऱ्याचा हिशेब येतो. जपानवर फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाचा वारा वाहतो. हिवाळ्यांत तो कधीं कधीं ताशीं ३०० किलोमीटरांपलीकडे जातो. टोकियोस जातांना तो पाठीशीं, परततांना समोर. म्हणून परतीस ध्रुवाकडील वाट पुष्कळदां सोयीची पडते. गंमत अशी कीं, हा वारा प्रथम मोजला तो जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी यांनीं, १९२० नंतरच्या दशकांत, फुगे सोडून. सर्व जगास कळावें म्हणून त्यांनीं आपला अहवाल एस्पेरांतो भाषेंत छापला. तो फारसा कोणीं वाचलाच नाहीं.