हिवाळ्यात घरच्या हरितगृहात मातीविना भाजीपाला : तंत्र, काळजी आणि अनुदान

लेहमध्ये हिवाळ्यात रात्रीचा पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. तरीही लडाखमधील गावांत दक्षिणेकडे तोंड केलेल्या, जाड भिंतींच्या हरितगृहांत पालकासारखी भाजी घेतली जाते. भिंती दिवसा ऊन साठवतात आणि रात्री ऊब परत देतात. हेच तत्त्व आपल्या घरच्या लहान हरितगृहातही वापरता येते. मात्र मातीऐवजी पाण्यात भाजी घ्यायची असेल, तर काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

मातीविना शेती म्हणजे काय?

हायड्रोपोनिक्स पद्धतीत रोपाची मुळे अन्नद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यात वाढतात. घरासाठी दोन प्रकार सोयीचे आहेत:

• स्थिर टाकी : रोपे तरंगत्या थर्माकोलवर बसवतात आणि हवेच्या पंपाने पाण्यात प्राणवायू सोडतात.
• वाहते पाणी : किंचित उतार दिलेल्या पाइपांतून द्रावणाचा पातळ थर फिरवत ठेवतात.

आपल्याकडे वीज वारंवार जात असेल, तर स्थिर टाकी निवडावी. वाहत्या पाण्याच्या प्रकारात पंप बंद पडल्यास मुळे काही तासांतच सुकू लागतात. शिवाय टाकीतील जास्त पाणी लवकर गार होत नाही.

थंडीत काय बदलते?

१. पाण्याचे तापमान : द्रावण शक्यतो १८ ते २२ अंशांवर ठेवावे. ते फार गार झाले की मुळांना स्फुरद नीट शोषता येत नाही आणि पाने जांभळट दिसू लागतात. अशा वेळी खत वाढवू नये, पाणी ऊबदार करावे. टाकीभोवती थर्माकोल लावावा. पाण्याने भरलेले काळे पिंप उन्हात ठेवल्यास रात्री ऊब मिळते.

२. प्रकाश : दिवस लहान असल्याने वाढ मंदावते. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस या पालेभाज्या घ्याव्यात. टोमॅटो व ढोबळी मिरचीला जास्त ऊब आणि ऊन लागते.

३. दमटपणा : बंद हरितगृहात पहाटे पानांवर पाणी साचते आणि बुरशी येते. म्हणून दुपारी थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात.

द्रावण कसे तयार करावे?

बाजारात खत 'अ' आणि 'ब' अशा दोन भागांत मिळते. हे दोन भाग घट्ट स्वरूपात कधीही एकत्र करू नयेत. 'अ' मधील कॅल्शियम 'ब' मधील सल्फेट व फॉस्फेटशी मिळून साका तयार होतो आणि ही अन्नद्रव्ये रोपाला मिळत नाहीत. टाकीत आधी पाणी भरावे, 'अ' मिसळून ढवळावे, मग 'ब' घालावे. सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवावा. दोन-तीन आठवड्यांनी द्रावण बदलावे.

अनुदान मिळते का?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान २०१४-१५ पासून राबवले जाते. त्यातील संरक्षित शेती घटकात हरितगृहासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद आहे. २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत हायड्रोपोनिक्सचाही समावेश झाला आहे.

हे ५० टक्के शासनाने ठरवलेल्या खर्च मापदंडावर मोजले जातात, आपल्या बिलावर नव्हे. उदाहरणार्थ, मापदंड १ लाख रुपये आणि बिल १ लाख ४० हजार रुपये असेल, तर अनुदान ५० हजार रुपये होईल. उरलेले ९० हजार रुपये आपल्याला भरावे लागतील.

अर्ज आपण राहत असलेल्या राज्याच्या कृषी किंवा फलोत्पादन विभागाकडे करावा. महाराष्ट्रात तो महाडीबीटी पोर्टलवर होतो. ही योजना शेतकऱ्यांसाठी असल्याने जमिनीची कागदपत्रे लागतात. गच्चीवर हौसेने भाजी घेणाऱ्यांनी अनुदान गृहीत धरून खर्च करू नये.

लक्षात ठेवा

• पूर्वसंमती मिळण्याआधी साहित्य खरेदी करू नये.
• "अनुदान नक्की मिळवून देतो" असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यास पैसे देऊ नयेत.
• सर्व बिले स्वतःच्या नावावर घ्यावीत आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे.
• सुरुवात एका लहान टाकीने करावी. एक हिवाळा पीक नीट आले की मगच विस्तार करावा.