पहिल्या वर्धकाचें महत्त्व

बिनतारी विद्येंत काम करणारा इंजिनीअर नेमकें करतो काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें उत्तम मिळतें. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उभारलेल्या रेडिओ-दुर्बिणींत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत.

आकाशांतून येणारी रेडिओ-लहर अत्यंत क्षीण असते. म्हणून ती अर्धवाहक द्रव्यांच्या वर्धकांच्या साखळींतून नेऊन वाढवावी लागते. परंतु उष्णतेमुळें प्रत्येक वर्धकांत इलेक्ट्रॉनांची चळवळ चालूच असते, व तो स्वतःची थोडी खरखर संदेशांत मिसळतो. पहिल्या वर्धकाची खरखर पुढील सारे वर्धक संदेशाबरोबरच वाढवितात. उलट शेवटच्याची खरखर, संदेश आधींच बलवान् झालेला असल्यामुळें, फारशी बाधत नाहीं. आपल्या वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हें तत्त्व सहज पटेल. वेचणीच्या वेळीं कापसांत शिरलेला पालापाचोळा जिनांत सरकी निघाली तरी रुईंत राहून जातो. तेव्हां काळजी घ्यावयाची ती पहिल्याच हातानें.

ज्येष्ठ इंजिनीअरचें कौशल्य येथेंच दिसतें. पहिला वर्धक फार संवेदनशील केला, तर जवळच्या मोबाईल मनोऱ्याच्या प्रबळ लहरींनीं तो गुदमरतो. त्याच्यापुढें गाळणी बसवावी, तर तींत संदेशाचाहि कांहीं अंश गळतो. कोठें किती सोसावयाचें, याचा हिशेब सर्व साखळी डोळ्यांपुढें ठेवून करावा लागतो. हा हिशेब डेसिबलमध्यें करतात. डेसिबलचा पाया म्हणजे शाळेंत कंटाळवाणें वाटणारें लॉगरिथम. त्यामुळें गुणाकाराच्या जागीं नुसती बेरीज-वजाबाकी पुरते.

या विद्येची कसोटी १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं लागली. युरोपीय अवकाश संस्थेचें ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत असतां त्याचा क्षीण संदेश खोडद येथें मिळत होता. यान उतरण्याच्या थोडें आधीं तो एकाएकीं थांबला. अशा वेळीं यान मूक झालें कीं आपलेंच यंत्र बिघडलें, हें सांगणें साखळीचा प्रत्येक दुवा ज्यास ठाऊक आहे त्यालाच शक्य असतें. यान मंगळावर आदळून नष्ट झाल्याचें पुढें निश्चित झालें.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, लॉगरिथमचें कोष्टक कंटाळून मिटूं नका. क्षीण आवाज ऐकण्याची विद्या त्याच पानांपासून सुरू होते.