पिऊन गाडी चालवली तर

दिवाळी झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार होते, रात्री नाटक होते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. आणि खरे सांगायचे तर, पिणेही होते. पूर्वी एखादा पाहुणा पिऊन बंडीत आडवा झाला तरी बैल त्याला घरी आणून सोडत. बैलाला घराची वाट ठाऊक असते. मोटारसायकलला ती ठाऊक नसते.

अशाच एका मंडईची ही गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक होता. मंडईत तो प्याला आणि चुलतभावाची मोटारसायकल घेऊन रात्री निघाला. वाटेत पोलिसांनी थांबवले, यंत्रात फुंकायला लावले. याने खिशातून पाचशेची नोट काढली. पोलिसाने ती घेतली नाही. (लाच देऊ करणे हा आणखी निराळा गुन्हा. बरे की तो तेवढ्यावर सुटला.) काही महिन्यांनी घरी कोर्टाचा कागद आला. तो घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, पाचशे देऊन सुटतो असं वाटलं होतं. आता का करू जी?"

तो कागद म्हणजे समन्स होते. त्यावर लिहिले होते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५.

गाडीच्या काही चुका अशा आहेत की पावती फाटते, पैसे भरले की प्रकरण मिटते. कलम १८५ चे तसे नाही. ते रस्त्यावर मिटवण्याचा अधिकार पोलिसाला नाही. प्रकरण कोर्टातच जाते. शिक्षा काय? पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ साली कायदा बदलला. त्याआधी पहिल्या वेळचा दंड २,००० रुपयांपर्यंत होता. जुना आकडा अजून पुष्कळांच्या डोक्यात बसला आहे.

किती प्याले तर गुन्हा? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर. एक ग्रॅमचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मिलिग्रॅम. तसले तीस भाग, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. लोक म्हणतात, "मला चढलीच नाही." कायदा चढली की नाही हे विचारत नाही, रक्तात किती आहे हे विचारतो. आपल्याकडे मोहाची दारू. दुकानातल्या बाटलीवर जोर किती ते छापलेले असते. मोहाच्या दारूवर कुठले छापलेले? दोन गिलासात किती गेली, हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. ताक प्या, लिंबू चोखा, डोक्यावर पाणी ओता, रक्तातली दारू त्याने लवकर जात नाही. शरीर ती आपल्या सवडीने जाळते, त्याला कित्येक तास लागतात.

गाडी चालवलीच पाहिजे असेही नाही. पिऊन गाडी चालवण्याचा प्रयत्न केला तरी हेच कलम लागते. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांना ते सारखेच. फुंकायला विनाकारण नकार दिला तर संशयावरून वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि तो नकार कोर्टात आपल्याच विरुद्ध जातो. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. अटक केल्यावर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. झाली नाही तर सोडावे लागते.

चुलतभावाचे काय? हा प्यालेला आहे हे माहीत असून गाडी काढायला मदत केली, तर कलम १८८ प्रमाणे त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. किल्ली देताना भिडेला पडू नये ते यासाठी.

आणि माणूस मेला तर? आपल्यातले पुष्कळ जण मजुरीला मुंबईपर्यंत जातात, म्हणून मुंबईचेच सांगतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर रस्त्याच्या कामावरचे मजूर फुटपाथावर झोपले होते. दारू प्यालेल्या एका तरुणाने त्यांच्यावर मोटार घातली. सात मेले, आठ जखमी झाले. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा म्हणून सहाच महिने कैद दिली. लोक संतापले. उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले आणि सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे कैद दिली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ही शिक्षादेखील अपुरीच आहे असे म्हटले. सात जिवांना तीन वर्षे! आम्हालाही ती थोडीच वाटते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सदोष मनुष्यवध ठरला तर त्याहून जास्त.

आता आमच्या विद्यार्थ्याचे. त्याच्याजवळ वकिलाला पैसे नव्हते. आम्ही त्याला गोंदियाला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे नेले. गरिबाला तिथे फुकट वकील मिळतो. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. कैद झाली नाही, १०,००० रुपये दंड झाला. बायकोची बचत गटातली रक्कम त्यात गेली. त्याला वाटले, सुटलो. पण या कलमात शिक्षा झाली की लायसन निदान सहा महिने तरी बंद करावेच लागते. सापडला होता मोटारसायकलवर, पण कोर्टाने लायसन सगळ्याच गाड्यांचे बंद केले. तेव्हा मे महिना होता. पुढे पावसाळा आला, बांध्या भरल्या, चिखलणीला ट्रॅक्टर हवे झाले. मालकाने दुसरा चालक लावला. आमचा विद्यार्थी त्या हंगामात त्याच मालकाच्या बांधीत रोजाने धानाचे पेंढे वाहत होता. ट्रॅक्टर जवळून गेला की तो मान खाली घालून काम करी.