चढायचं बघितलंस, थांबायचं काय?

ऑक्टोबर संपत आला, की ईडन प्रेरीतल्या आमच्या ऑफिसात दोनच विषय असतात. थँक्सगिव्हिंगला कोण कुठे जाणार आणि टायर कधी बदलणार! मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला असलेलं हे आमचं उपनगर. तळी, झाडी, रुंद रस्ते, सगळं छान. पण थंडी अशी, की 30 जानेवारी 2019 रोजी मिनियापोलिसमध्ये पारा उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. 1991च्या हॅलोवीनच्या वादळात 28.4 इंच बर्फ पडला, त्याच्या गोष्टी जुने शेजारी अजून रंगवून सांगतात.

मला जीपचं वेड लहानपणापासून. बाबा कृषी खात्यात होते. त्यांच्या सरकारी जीपमध्ये बसून मी पाटणकडची कितीतरी गावं पावसाळ्यात पाहिली. त्यामुळे इथे स्थिरस्थावर झाल्यावर टोयोटाची वापरलेली फोररनर घेतली आणि लगेच तिला दांडग्या नक्षीचे, जाडजूड टायर चढवले. गाडी कशी रुबाबदार दिसायला लागली! वर्षातून तीन-चार वेळा आम्ही मित्र उत्तरेला गिल्बर्टला जातो. तिथे जुन्या लोखंडाच्या खाणींच्या जागेवर सरकारने खास अशा गाड्यांसाठी पार्क केलं आहे. चिखल, दगड, चढ, सगळी हौस फिटते. बाकीचे दिवस गाडीचा प्रवास ठरलेला : डे-केअर, ऑफिस, किराणा आणि सणावाराला मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमधल्या एका सकाळी लेकीला सोडायला निघालो होतो. रात्री भुरभुर पाऊस पडून रस्त्यावरच गोठला होता. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची थरथर जाणवत होती, पण गाडी काही थांबेना. वेग फार नव्हता, तरी आम्ही सरळ चौकाच्या मध्यापर्यंत घसरत गेलो. आडव्या रस्त्यावरून कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, लाल होता ना?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

रात्री साताऱ्याला फोन केला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टायर घेताना काय काय बघितलंस?" मी सांगितलं, चिखलात कसा चालतो, दगडावर कसा टिकतो, चढ कसा चढतो. ते म्हणाले, "अरे, चढायचं सगळं बघितलंस. थांबायचं काय?"

मग मी ऑफिसातला एखादा बग शोधावा तसा या विषयाच्या मागे लागलो. पहिली गोष्ट कळली ती ही, की फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करते. थांबायला सगळ्याच गाड्यांना चार चाकं असतात! तिथे फक्त रबर आणि रस्ता यांचाच हिशेब चालतो. चिखलात मोठे ठोकळे आणि रुंद फटी उपयोगी, कारण फटीत बसलेला चिखल फिरताना बाहेर फेकला जातो. गुळगुळीत बर्फावर मात्र रस्त्याला जास्तीत जास्त रबर टेकायला हवं, ते मऊ राहायला हवं आणि ठोकळ्यांवर बारीक चिरा हव्यात. माझ्या टायरच्या ठोकळ्यांवर चिरा जवळपास नव्हत्याच.

दुसरी गोष्ट, टायरवरची चिन्हं. माझ्या टायरवर 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं होतं. मी खूश होतो. पण हा शिक्का नक्षीच्या रचनेवरून मिळतो, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह वेगळं. त्यासाठी दाबलेल्या बर्फावर, ठरवून दिलेल्या टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त पकड दाखवावी लागते. ऑल-टेरेन घ्यायचेच असतील तर हे चिन्ह बघूनच घ्यावेत. पण यातही मेख आहे. ही चाचणी गाडी पुढे खेचण्याची आहे, गुळगुळीत बर्फावर थांबण्याची नाही. म्हणजे बाबांचा प्रश्न इथेही शिल्लकच!

तिसरी गोष्ट, वजन. मी 'एलटी', लोड रेंज 'ई' घेतले होते. हे टायर मुळात जड ओझं वाहणाऱ्या ट्रकसाठी. त्यांच्या बाजू टणक असतात. धारदार दगडांवर किंवा मागे ट्रेलर ओढताना ते बरे, पण रोजच्या रस्त्यावर गाडी दणके देते, पेट्रोल जास्त पिते आणि कंपनीने दाराच्या पट्टीवर दिलेला हवेचा दाब त्यांना पुरत नाही. माझ्या वापराला साधे 'स्टँडर्ड लोड'वाले भरपूर होते. आणि हवा! तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं, की दाब साधारण 1 पीएसआयने घटतो. ऑक्टोबरात 60 अंशांना 32 भरलेली हवा उणे 10 अंशांना 25 वर येते.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. आमच्या मिनेसोटात तशी सक्ती नाही. उलट इथल्या रहिवाशांना खिळे ठोकलेले टायर वापरायला मनाई आहे. ज्याचं त्यानं ठरवायचं.

बायकोने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "तू वर्षातले आठ दिवस चिखलात असतोस, आम्ही रोज गाडीत असतो." छतावरच्या दिव्यांसाठी साठवलेले पैसे टायरांत गेले. आता एप्रिल ते ऑक्टोबर हिमकणाचं चिन्ह असलेले, स्टँडर्ड लोडचे ऑल-टेरेन आणि नोव्हेंबरपासून वेगळ्या रिमवर बसवलेले खास हिवाळी टायर. एक संच वापरात, दुसरा गॅरेजात, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं टिकतील. ज्यांना ठेवायला जागा नाही, त्यांनी निदान ते चिन्ह बघून घ्यावेत, अंतर जास्त ठेवावं आणि बर्फात वेग कमी ठेवावा.

परवा कोल्हापूरहून मामेभावाचा फोन आला. नवी थार घेतली आहे, टायर कोणते घालू? त्याला बर्फाची चिंता नाही, पण आंबा घाटातला पावसाळा आहेच. मी सांगितलं, आधी वहीत लिही, वर्षातले किती दिवस चिखलात आणि किती दिवस ओल्या डांबरावर. मग दुकानात टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. जुना माल नवा म्हणून घेऊ नकोस. नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद, पण पावसात तोपर्यंत थांबू नकोस. आणि स्टेपनीचीही हवा बघ.

तो म्हणाला, "दादा, ते सगळं ठीक, पण दिसायला कोणते भारी?"

मी त्याला बाबांचा नंबर दिला.