टाकलेल्या पत्त्यांचा डाव

नाणेफेक जिंकली की पहिली पाळी घ्यायची, हा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळणाऱ्यांचा जवळपास अलिखित नियम. आधी खेळणारा एक पाऊल पुढे राहतो. पण ‘लेगसी’ या खेळप्रकारात असा एक डेक आहे, की तो घेऊन बसलेला खेळाडू नाणेफेक जिंकूनही समोरच्याला म्हणतो, ‘तुम्हीच सुरुवात करा.’ त्याच्या साठ पत्त्यांत लँड, म्हणजे खेळाला इंधन पुरवणारा पत्ता, एकही नसतो. पहिली पाळी खेळणाऱ्याला त्या पाळीत पत्ता उचलता येत नाही, दुसऱ्याला येतो. हा दुसरा खेळाडू पत्ता उचलतो, हातात आठ होतात. काहीही न खेळता तो पाळी संपवतो आणि हातात सातच ठेवायचे या नियमाप्रमाणे एक पत्ता टाकून देतो. टाकलेला पत्ता असतो ‘गोलगारी ग्रेव्ह-ट्रोल’. नवख्याला वाटतं, बिचाऱ्याला पत्तेच लागले नाहीत. जाणकार ओळखतो, की डाव सुरू झाला.

या डेकचं नाव ‘मॅनालेस ड्रेज’. टाकलेल्या, मेलेल्या, वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगाला या खेळात ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणतात आणि त्या ढिगावरच सगळी मदार ठेवणाऱ्या डेकच्या मोठ्या घराण्यातला हा सर्वांत टोकाचा वंशज आहे.

किमतीचा लगाम

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू आपला डेक स्वतः बांधून आणतो. किमान ६० पत्ते, एका नावाचे जास्तीत जास्त चार, आणि दोघांच्याही खात्यात २० आयुष्य. चारच्या मर्यादेला मूलभूत लँड अपवाद. त्या हव्या तितक्या घेता येतात. एका पाळीत एकच लँड मांडता येते, तिच्यातून ‘माना’ मिळतो आणि मानाच्या हिशेबात प्रत्येक पत्त्याची किंमत ठरलेली असते. आठ मानाचा राक्षस हवा असेल, तर साधारण आठवी पाळी उजाडावी लागते. एवढ्या ताकदवान पत्त्यांच्या गर्दीत खेळ ताळ्यावर राहतो, तो या एका लगामामुळे.

रमीत आपण टाकलेला पत्ता पुढच्याच्या कामी येतो. इथे तो ज्याचा त्याच्याच ढिगात, तोंड वर करून पडून राहतो. पहिल्याच संचात ‘ॲनिमेट डेड’ नावाचा दोन मानाचा पत्ता होता: ग्रेव्हयार्डमधला कोणताही क्रीचर, म्हणजे लढणारा जीव, उचलून मैदानात आणा. उठवायची किंमत दोन. उठणाऱ्याची मूळ किंमत कितीही असो. लगामाची एक कडी तिथेच सैल राहिली.

पुढच्या तीन दशकांतल्या ग्रेव्हयार्ड-डेकचे प्रकार पाहिले तर प्रत्येकाला तीनच कामं करायची असतात. ढीग भरायचा, त्यातून काहीतरी उठवायचं आणि उठलेल्याने डाव संपवायचा.

एकच, पण थोरला

सर्वांत सरळ प्रकार ‘रिॲनिमेटर’. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’ संचातला ‘रिॲनिमेट’ एका मानात क्रीचर उठवतो, मात्र त्या क्रीचरच्या किमतीइतकं आयुष्य वजा होतं. २००१ च्या ‘ओडिसी’ संचात ‘एन्टूम’ आला: एका मानात आपल्या गड्डीतला हवा तो पत्ता शोधा आणि ग्रेव्हयार्डमध्ये ठेवा. भरणं एक माना, उठवणं एक माना.

उठवायचं कोणाला, याचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलं. २०१२ मध्ये आलेल्या ‘ग्रिझलब्रँड’ने ते बराच काळ पक्कं केलं. आठ मानाचा हा उडणारा राक्षस सात आयुष्य घेऊन सात पत्ते देतो. पहिल्या पाळीत एक लँड, तिच्यावर ‘डार्क रिच्युअल’, त्यातून तीन माना. एन्टूमने ग्रिझलब्रँड खाली, रिॲनिमेटने वर. आयुष्य वीसवरून बारावर येतं. लगेच आणखी सात देऊन पाच उरतं. हातात सात नवे पत्ते आणि मैदानात सात ताकदीचा राक्षस. तो मारेल तेवढं आयुष्य मालकाला परतही मिळतं. समोरच्याने अजून एकही लँड मांडलेली नसू शकते.

याच घराण्यातला विक्षिप्त भाऊ म्हणजे २००२ च्या ‘जजमेंट’मधला ‘वर्ल्डगॉर्जर ड्रॅगन’. तो मैदानात आला की मालकाचे इतर सगळे पत्ते खेळाबाहेर जातात. तो गेला की परत येतात. त्याला ॲनिमेट डेडने उठवलं, की तो त्या ॲनिमेट डेडलाही बाहेर फेकतो. आधार गेला म्हणून स्वतः मरतो, मग सगळं परत येतं, ॲनिमेट डेडही येतो आणि पुन्हा त्यालाच उठवतो. प्रत्येक फेरीत लँड ताज्या होऊन परततात, म्हणून प्रत्येक फेरीत त्यांचा माना काढून घेता येतो, माना अमर्याद. फेऱ्यातून सुटायला कोणत्या तरी ग्रेव्हयार्डमध्ये दुसरा क्रीचर लागतो. तो नसेल आणि चक्र कोणालाच तोडता आलं नाही, तर डाव बरोबरीत सुटतो.

ड्रेज: ढीगच सैन्य

ऑक्टोबर २००५ च्या ‘रॅव्हनिका’ संचात गोलगारी नावाच्या, कुजण्यातून नवं उगवणाऱ्या काळ्या-हिरव्या टोळीला ‘ड्रेज’ हा गुण मिळाला. पत्ता उचलायची वेळ आली की त्याऐवजी गड्डीवरचे ठरावीक पत्ते ग्रेव्हयार्डमध्ये ओतायचे आणि ड्रेजचा पत्ता तिथून हातात परत घ्यायचा. ‘गोलगारी ठग’चा आकडा चार, ‘स्टिंकवीड इम्प’चा पाच, ग्रेव्ह-ट्रोलचा सहा. साध्या डेकला सहा पत्ते गमावणं म्हणजे शिक्षा. ज्याच्या लेखी ग्रेव्हयार्ड हाच हात, त्याला मात्र एका उचलीत सहा पत्ते मिळाले.

ओतलेल्या पत्त्यांनी फुकट काम करावं, अशीही सोय हळूहळू झाली. ‘इकोरिड’ ग्रेव्हयार्डमधला दुसरा काळा क्रीचर खाऊन स्वतः उठतो. २००७ च्या ‘फ्यूचर साइट’मधला ‘नार्कोमीबा’ गड्डीतून ढिगात पडता पडता थेट मैदानात येतो. त्याच संचातला ‘ब्रिज फ्रॉम बिलो’ ढिगात नुसता पडून असला, तरी आपला खरा क्रीचर मेला की एक झोंबी देतो. ‘ड्रेड रिटर्न’ तर तीन क्रीचरचा बळी देऊन ग्रेव्हयार्डमधूनच खेळता येतो.

याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ढिगात दोन ब्रिज आहेत, मैदानात तीन क्रीचर. तिघांचा बळी देऊन ड्रेड रिटर्न खेळला. दोन ब्रिज गुणिले तीन मृत्यू, झाले सहा झोंबी, प्रत्येकी दोन ताकदीचे. ड्रेड रिटर्नने उठला ‘फ्लेम-किन झीलट’. तो सगळ्यांची ताकद एकाने वाढवतो आणि त्याच पाळीत हल्ला करू देतो. सहा त्रिक अठरा, झीलटचे स्वतःचे तीन, एकूण एकवीस. समोरच्याचं आयुष्य वीस. या साऱ्यात एकही माना खर्च झाला नाही.

ढीग भरायला ‘व्हिंटेज’ प्रकारात डिसेंबर १९९३ च्या ‘अरेबियन नाइट्स’ संचातली ‘बझार ऑफ बगदाद’ ही लँड आहे. ती माना देत नाही. दोन पत्ते उचलून तीन टाकायला लावते. ड्रेजवाल्याच्या दृष्टीने ही दोन वेळा ओतण्याची संधी आणि शिवाय टाकण्याची सोय. कंपनीने १९९६ मध्ये काही जुने पत्ते पुन्हा छापणार नाही असं वचन दिलं, त्या यादीत बझारही आहे. त्यामुळे खेळात छदाम न मागणाऱ्या या डेकच्या एका पत्त्याला बाजारात हजारो डॉलर मोजावे लागतात.

आणखी काही वाटा

बाकीच्या प्रकारांनी याच तीन कामांची वाटणी वेगळी केली. ‘लिव्हिंग एन्ड’वाले हातातले क्रीचर थोड्या मोबदल्यात टाकत जातात आणि मग एकाच फटक्यात सगळे उठवतात. ‘सेफॅलिड ब्रेकफास्ट’मध्ये ‘नोमॅड्स एन-कोर’चा शून्य किमतीचा गुण ‘सेफॅलिड इल्युजनिस्ट’वर पुन्हा पुन्हा रोखायचा, दर वेळी तीन पत्ते ढिगात, बघता बघता गड्डी रिकामी. ‘ऊप्स, ऑल स्पेल्स’चा ‘बॅलस्ट्रेड स्पाय’ लँड लागेपर्यंत गड्डी उपसत राहतो. गड्डीत लँडच ठेवली नाही, तर तो थांबणार कुठे? आणि २०२० च्या ‘अंडरवर्ल्ड ब्रीच’ने ग्रेव्हयार्डमधला लँड सोडून प्रत्येक पत्ता पुन्हा खेळता येईल असा केला, अट एवढीच, की दर वेळी पत्त्याची किंमत भरून शिवाय ढिगातले आणखी तीन पत्ते कायमचे घालवायचे.

कापायचं कुठे?

कंपनीसमोर दर वेळी प्रश्न तोच: भरणारा पत्ता बंद करायचा, उठवणारा, की संपवणारा? २००४ मध्ये लेगसीची स्वतंत्र बंदी-यादी झाली, तेव्हा तिच्यात एन्टूम आणि वर्ल्डगॉर्जर दोन्ही होते. एन्टूम २००९ मध्ये सुटला, वर्ल्डगॉर्जर २०१५ मध्ये. ‘मॉडर्न’ प्रकार २०११ मध्ये सुरू झाला तो ग्रेव्ह-ट्रोल आणि ड्रेड रिटर्नवर बंदी घालूनच. जानेवारी २०१५ मध्ये ग्रेव्ह-ट्रोलला मोकळं केलं. पुढच्याच वर्षी ‘प्राइझ्ड अमॅल्गम’ आला. पाठोपाठ, भारतीय वेशभूषा आणि वास्तुकलेच्या छायेत रंगवलेल्या ‘कलादेश’ संचात ‘कॅथार्टिक रियुनियन’ मिळाला: दोन टाका, तीन उचला, म्हणजेच तीन वेळा ओता. जानेवारी २०१७ मध्ये ग्रेव्ह-ट्रोल पुन्हा बंदीत गेला.

सर्वांत बोलका प्रसंग मॉडर्नमधलाच, २०१९ चा. जूनमध्ये ‘होगाक’ आला, आठ ताकदीचा, ग्रेव्हयार्डमधूनही खेळता येणारा. त्याच्यासाठी माना खर्च करायला मनाईच आहे. क्रीचर कामाला लावायचे आणि ढिगातले पत्ते घालवायचे. ‘ऑल्टर ऑफ डिमेन्शिया’वर त्याचा बळी द्यायचा, ब्रिज झोंबी देणार, त्यांच्याच बळावर होगाक परत. ८ जुलैला ब्रिजवर बंदी आली. चक्र तुटलं, डेक मात्र तुटला नाही. खेळाडूंनी ते काढून टाकलं आणि सरळ हल्ला करून जिंकत राहिले. २६ ऑगस्टला होगाक गेला आणि सोबत ‘फेथलेस लूटिंग’ हा ढीग भरणारा स्वस्त पत्ताही गेला. त्याच दिवशी व्हिंटेजमध्ये ग्रेव्ह-ट्रोल डेकमागे एकवर आणला गेला.

यातून माझं मत असं झालं आहे, की संपवणाऱ्या पत्त्यावर घातलेली बंदी सहसा फार दिवस पुरत नाही, कारण पुढच्या संचात नवा संपवणारा छापला जातोच. भरणारे स्वस्त पत्ते मोजके असतात. तिथे हात घातला की डेक खरोखर मंदावतो.

पंधरा पत्त्यांचा पहारा

बंदीपेक्षा जुना इलाज खेळाडूंच्याच हातात आहे. सामना तीन डावांचा असतो आणि पहिल्या डावानंतर राखीव पंधरा पत्त्यांच्या ‘साइडबोर्ड’मधून डेक बदलता येतो. १९९४ चा ‘टॉर्मॉड्स क्रिप्ट’ शून्य मानात समोरचा ढीग एकदाच साफ करतो. २०१२ चा ‘रेस्ट इन पीस’ दोन मानात दोघांचेही ढीग कायमचे बंद करतो. २००६ ची ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ सुरुवातीच्या हातात आली तर फुकट मांडून ठेवता येते. चार प्रती घेतल्या तर पहिल्या सात पत्त्यांत ती असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. म्हणून ड्रेजवाला पहिला डाव झपाट्याने जिंकतो आणि खरी परीक्षा पुढच्या दोन डावांत देतो.

या पहाऱ्याला मर्यादा आहेत, कारण पंधरांत इतर शत्रूंसाठीही जागा हवी. ड्रेज दिसेनासा झाला की लोक लेलाइन काढून ठेवतात; मग एखादा चाणाक्ष खेळाडू जुना डेक बाहेर काढतो आणि आठवडाभर लुटालूट करतो. डिसेंबर २०२४ मध्ये मॉडर्नमध्ये फेथलेस लूटिंग परत आला. मार्च २०२५ च्या अखेरीस बंदी आली ती अंडरवर्ल्ड ब्रीचवर. लूटिंग तसाच राहिला. पाच वर्षांत बाकीचा खेळच इतका वेगवान झाला होता, की कालचा धोकादायक पत्ता आज चालून गेला. माझ्या वरच्या मताला हा अपवाद मानावाच लागतो.

पत्त्याचं मोल ठरवताना रचनाकाराला तो हातातून खेळला जाईल असं धरूनच चालावं लागतं. दुसरा मार्ग नाही. ग्रेव्हयार्डवाले तेच गृहीतक पकडतात आणि प्रत्येक नव्या संचात शोधत बसतात, की कोणता पत्ता मेल्यावर जास्त उपयोगी आहे. ज्या खेळप्रकारांत जुने पत्ते कधीच बाद होत नाहीत, तिथे त्यांचा शोध दर वर्षी सोपाच होत जातो.