डायल नवं, मशीन जुनं : ऑनलाइन जुनी घड्याळं घेताना

आपल्या हॉस्टेलवर घड्याळ बांधणारे दोनच प्रकार उरलेत. एक म्हणजे परीक्षेत मोबाईल चालत नाही म्हणून बांधणारे, आणि दुसरे म्हणजे ज्यांना या यंत्राचं वेड लागलंय ते. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे, आणि रात्री दोन वाजता मोबाईलवर 'एचएमटी पायलट, अगदी नवं, न वापरलेलं' अशी जाहिरात बघून ज्यांची बोटं शिवशिवतात त्यांच्यासाठी तर खासच. (स्टाफमधल्या ज्या सरांकडे आजोबांची 'जनता' कपाटात पडून आहे, त्यांनीही वाचावा. का, ते पुढे येईलच.)

आधी थोडा इतिहास. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर ही सगळी नावं तिथलीच. लग्नात जावयाला एचएमटी, नोकरी लागली की एचएमटी, रिटायर झालं की एचएमटी असा तो जमाना होता. पुढे क्वार्ट्झ आलं, टायटन आलं आणि चावीची घड्याळं मागे पडली. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण त्याची बातमी २०१४ पासूनच फिरत होती, आणि तेव्हापासून लोकांना अचानक या घड्याळांचं प्रेम आलं! मागणी वाढली आणि कारखान्याचा माल आटत गेला. मग ही 'अगदी नवी' पायलट येतात कुठून?

याचं उत्तर परदेशी संग्राहकांनी एका शब्दात ठेवलंय : 'मुंबई स्पेशल'. आपल्याकडे घड्याळ टाकून द्यायची पद्धत नव्हती. आयातीवर बंधनं होती, सुटे भाग मिळायचे नाहीत. त्यामुळे आपले कारागीर एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे असं जमवून घड्याळ चालतं करायचे. डायल खराब झालं की घासून पुन्हा रंगवायचे. यात लबाडी नव्हती, गिऱ्हाईकाला माहीत असायचं. लबाडी सुरू होते ती असं घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकताना. एचएमटी, सैको फाइव्ह, जुनी फेवर-ल्युबा या सगळ्यांचे असे अवतार इंटरनेटवर ढिगाने आहेत. भडक केशरी नाहीतर पोपटी डायल, त्यावर पंख, बिल्ला, लष्कराचं नाव वगैरे दिसलं की समजा, बहुतेक करून रंगकाम ताजं आहे.

माझं मत विचाराल तर मुंबई स्पेशल घ्यायला हरकत काही नाही. रोज लॅबला घालायला, पाना-पक्कड चालवताना, मस्त. फक्त पैसे रंगवलेल्या घड्याळाचे द्या, अस्सलचे नव्हे. फरक ओळखायचा कसा, हाच खरा फंडा आहे.

डायलचा जवळून काढलेला फोटो मागा आणि मोठा करून बघा. कंपनीची छपाई धारदार असते. पुन्हा रंगवलेल्यात अक्षरं जाड-बारीक होतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, तारखेच्या खिडकीची कड फाटल्यासारखी दिसते. आणखी एक साधी गोष्ट : चाळीस वर्षांच्या केसवर ओरखडे, क्रोम उडालेलं, आणि डायल मात्र आरशासारखं लख्ख? गाडी जुनी आणि पेंट नवा, असंच ते.

सैकोच्या बाबतीत तर कंपनीनेच आपली सोय करून ठेवलीय. मागच्या झाकणावर '७००९-' असा मॉडेल नंबर असतो. त्यातले पहिले चार आकडे मशीनचे. तेच चार आकडे डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेले असतात आणि आतल्या मशीनवरही कोरलेले असतात. तीन ठिकाणी तीन वेगळे नंबर निघाले तर ते घड्याळ म्हणजे तीन घड्याळांची भेळ. झाकणावरच्या सहा आकडी सीरियल नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी). म्हणजे '८६'ने सुरू झाला तर जून १९७८ किंवा जून १९८८. दशक कुठलं, ते मशीन कधी बनत होतं त्यावरून ठरवायचं.

आता आपल्या सिलॅबसमधलं. एचएमटीचं १७ ज्वेलचं ०२३१ हे चावीचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं. भागिले ३,६०० केलं की सेकंदाला ५. सैकोचं ७एस२६ तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. क्वार्ट्झमध्ये स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, त्यामुळे पंधरा फ्लिप-फ्लॉपनी भागलं की बरोबर एक सेकंद मिळतो आणि काटा सेकंदाला एकदा उडी मारतो. याचा उपयोग काय? विक्रेत्याकडून सेकंदकाट्याचा व्हिडिओ मागवा आणि सावकाश चालवा. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल तर एचएमटीचा काटा दर ६ फ्रेमला एक पाऊल टाकेल, ७एस२६ चा दर ५ फ्रेमला. 'चावीचं घड्याळ' म्हणून विकलेल्याचा काटा सेकंदाला एकच उडी मारत असेल तर आत सेलवाली मशीन बसवलीय!

झाकण उघडून बॅलन्स व्हीलचा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं. चक्र दोन्ही बाजूंना ऐटीत, भरपूर फिरायला हवं. आळसावल्यासारखं थोडंसंच हलत असेल तर तेल वाळलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. आणि दिवसाला ३० सेकंद इकडेतिकडे झालं तर कटकट करू नका. ८६,४०० पैकी ३० म्हणजे ९९.९६ टक्क्यांच्या वरची अचूकता आहे, आपल्यापैकी कुणाला एवढे मार्क पडलेत?

पैशांचं बोलायचं तर, पूर्वी बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं, आणि ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. आता बराचसा व्यवहार अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवून होतो. तेव्हा आजची तारीख चिठ्ठीवर लिहून ती घड्याळाशेजारी ठेवलेला, आणि काटे तुम्ही सांगाल त्या वेळेवर आणलेला फोटो मागा. दुसऱ्याचे फोटो चोरून विकणारा इथेच गळतो. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरियर धरून हिशेब करा, नाहीतर महिनाअखेर मेसचं बिल थकतं. आमच्या मजल्यावर एकाने सेमिस्टरभरात सात घड्याळं घेतली, त्यातली चार बंद आहेत. संग्रह म्हणायचा की भंगार, यावर वाद अजून चालू आहे.

आता आजोबांच्या 'जनता'वाल्या सरांसाठी. सर, डायल पिवळं पडलं असेल, देवनागरीतलं 'जनता' थोडं पुसट झालं असेल, तरी ते रंगवून घेऊ नका. दुकानदार 'नवं करून देतो' म्हणेल. फक्त मशीन साफ करून तेल घालून घ्या, काच बदलून घ्या. जुनं डायल एकदा घासलं की परत येत नाही. पावसात ते बांधू नका. चावी रोज सकाळी साधारण एकाच वेळेला द्या, आणि घट्ट लागली की थांबा.